‘नाही’ म्हणता येणारे शास्त्र

२०१७ च्या जुलैमध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले काही शेतकरी पोलीस ठाण्यात गेले आणि त्यांनी थेट हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला, त्यावर विसंबून पेरण्या झाल्या, मग पावसाने ओढ दिली आणि बियाणे मातीत गेले. हे सगळे बियाणे-कीटकनाशकांच्या कंपन्यांशी संगनमत करून चालते, असा त्यांचा आरोप होता. शहरांत ही बातमी हसत वाचली गेली. संगनमताचा आरोप टिकण्यासारखा नव्हता, हे खरे. पण दुबार पेरणीसाठी ज्याला उसनवारी करावी लागते त्याला अंदाज चुकल्याचा संताप यावा, यात हसण्यासारखे काहीच नाही.

हवामान बदलाबद्दल महाराष्ट्रात जी शंका कानावर पडते ती बरीचशी याच संतापातून उगवलेली आहे. ‘खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची’ हा विनोद जुनाच. त्याची पुढची पायरी म्हणजे पारावर, एसटीत, सोसायटीच्या गेटवर हमखास येणारा प्रश्न : ‘यांना उद्याचं धड सांगता येत नाही, आणि हे २१०० सालचं सांगणार?’ अमेरिकेतली शंका पक्षीय राजकारणावर आणि तेलकंपन्यांच्या पैशावर पोसली गेली. इथली शंका अनुभवातून आली आहे, म्हणून तिला उत्तरही वेगळे द्यावे लागते. ‘जगातल्या बहुतेक शास्त्रज्ञांचे यावर एकमत आहे’ असे म्हणून हात झटकले की विचारणारा गप्प बसतो. त्याला पटलेले मात्र नसते.

येल विद्यापीठ आणि सीव्होटर यांनी २०२१-२२ मध्ये भारतभर केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांनी ‘ग्लोबल वॉर्मिंगबद्दल फार थोडे ठाऊक आहे’ किंवा ‘नावच ऐकलेले नाही’ असे सांगितले. मग त्याच लोकांना दोन वाक्यांत अर्थ समजावून विचारले, तर दहांतल्या आठांहून जास्त जण ‘हो, हे होते आहे’ म्हणाले. ही श्रद्धा मोठी आहे, पण पातळ आहे. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, महाराष्ट्राचा ऐन मे महिना पावसात भिजला, आणि लगेच मोबाइलवर विनोद फिरू लागले : कुठे गेली तुमची तापमानवाढ? आदल्याच वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, भारताच्या १९०१ पासूनच्या नोंदींतले सर्वांत उष्ण वर्ष नोंदले गेले होते. ते कोणाच्या लक्षात राहिले नव्हते.

उद्याच्या पावसाचा आणि २१०० च्या तापमानाचा प्रश्न दिसायला एकाच जातीचा वाटतो, पण तसा नाही. नागपुरात एखाद्या मंगळवारी किती अंश तापमान असेल, हे दोन आठवडे आधी छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पण पुढच्या वर्षीचा मे तिथल्या डिसेंबरपेक्षा तापलेला असेल, यावर कोणीही घरदार पणाला लावील. पहिला प्रश्न हवेच्या आजच्या स्थितीवर अवलंबून असतो. तिच्यातली बारीकशी चूकही काही दिवसांत फुगत जाते; एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच हे गणिताने दाखवले. दुसरा प्रश्न येणाऱ्या आणि जाणाऱ्या उष्णतेच्या हिशेबाचा आहे. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, म्हणून तापते. हवेत उष्णता अडवणारे वायू वाढले की तो हिशेब बदलतो, मग मंगळवारी काहीही होवो.

आता स्मृतीचे. ५ सप्टेंबर २०१४ रोजी शिक्षकदिनी विद्यार्थ्यांशी बोलताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी घरातल्या वृद्धांचे उदाहरण दिले. त्यांना दरवर्षी थंडी जास्त वाटते, पण ती वाढलेली नसते, वय वाढलेले असते. तसेच हवामान बदललेले नाही, आपण बदललो आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्यावर जगभर टीका झाली. गंमत म्हणजे याच मोदींनी २०११ मध्ये गुजरातने हवामान बदलाला दिलेल्या प्रतिसादावर पुस्तक लिहिले होते आणि २०१५ मध्ये पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणाही केली. पण त्या उदाहरणाचा अर्धा भाग बरोबर होता, हे टीकाकारांनी मान्य करायला हरकत नव्हती. माणसाचे शरीर हे वाईट थर्मामीटर आहे आणि आठवण तर त्याहून वाईट. अडचण अशी की हे दोन्ही बाजूंना लागू पडते. फेब्रुवारी २०१५ मध्ये सिनेटर जेम्स इनहोफ यांनी अमेरिकी सिनेटमध्ये बर्फाचा गोळा आणून ‘बघा किती थंडी आहे’ असे दाखवले. ते वर्ष संपले तेव्हा जागतिक सरासरीत तोवरचे सर्वांत उष्ण ठरले होते. आणि ‘आमच्या लहानपणी असला उन्हाळा नव्हता’ असे म्हणत हवामान बदल सिद्ध करणारे काका त्याच गोळ्याची उलटी बाजू दाखवत असतात. त्यांचा निष्कर्ष बरोबर निघतो तो योगायोगाने.

म्हणून मोजमापाकडे जावे लागते आणि त्यासाठी हवाई बेटांवर जाण्याची गरज नाही. चार्ल्स कीलिंग यांनी तिथल्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर १९५८ मध्ये मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण ३१५ भाग होते. आज ४२० च्या वर आहेत. ‘ज्वालामुखीवर बसून मोजले तर वायू जास्तच भरणार’ ही शंका सुरुवातीपासून घेतली जाते आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर दक्षिण ध्रुवावर मिळते. गोव्यातही मिळते. काबो द रामाच्या कड्यावर १९९३ पासून काही वर्षे हवेचे नमुने बाटल्यांत भरून तपासले गेले. पावसाळ्यात समुद्रावरून येणारी हवा आणि हिवाळ्यात भूभागावरून येणारी हवा यांतला फरक त्या आकड्यांत दिसतो आणि वर्षागणिक चढही दिसतो. पुण्याजवळ सिंहगडावर भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या, म्हणजे पाषाणच्या आयआयटीएमच्या, शास्त्रज्ञांनी २००९ पासून असेच नमुने गोळा केले. रविवारी गडावर पिठलं-भाकरी खायला जाणाऱ्या किती पुणेकरांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. शाळेच्या सहलीत कल्याण दरवाजाबरोबर हेही दाखवायला हवे.

वायू वाढला, मान्य. पण तो माणसाचाच कशावरून? इथे शंकेखोराला फार चांगले उत्तर आहे आणि ते क्वचितच दिले जाते. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीत पडून असल्याने त्यांतला किरणोत्सारी कार्बन-१४ केव्हाच संपलेला असतो. ते जाळले की हवेत कार्बन-१४ नसलेला कार्बन मिसळतो आणि हवेतले त्याचे प्रमाण उतरते. हान्स स्यूस यांनी हे १९५५ मध्येच दाखवले. वनस्पती कार्बन-१३ पेक्षा कार्बन-१२ पसंत करतात. कोळसा हा जुन्या वनस्पतींचाच, म्हणून हवेतले कार्बन-१३ चे प्रमाणही घसरते आहे. हवेतला ऑक्सिजन किंचित कमी होतो आहे, म्हणजे काहीतरी जळते आहे. ज्वालामुखी वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही.

सूर्याचे काय? १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. तिच्यात अकरा वर्षांचे चढ-उतार आहेत, पण वाढीचा कल नाही. त्याहून पक्का पुरावा वरच्या हवेत आहे. सूर्य तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापले असते. उष्णता अडवणाऱ्या वायूंमुळे तापले तर खालचा थर तापेल आणि त्यावरचा स्थितांबर थंड होईल, असे स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये गणिताने मांडले, तेव्हा ते तपासायला पुरेशी साधनेही नव्हती. पुढे मोजणी झाली. स्थितांबर थंड होत असल्याचे आढळले. मनाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

‘०.०४ टक्का वायूने काय होणार?’ हा प्रश्न राहिला. नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग होतो, पण ते जमिनीतून निघणारी उष्णता अडवतच नाहीत. त्यामुळे त्यांच्याशी टक्केवारीची तुलना निरर्थक आहे. ओझोन तर कार्बन डायऑक्साइडहूनही कितीतरी कमी असतो आणि तरी त्वचा जाळणारे अतिनील किरण तोच थोपवतो. आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत कोणता वायू किती उष्णता शोषतो हे मोजले, त्याच्या तीन वर्षे आधी युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत वायू भरून उन्हात ठेवण्याचा साधा प्रयोग केला होता. स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये कागद-पेन्सिलीने हिशेब मांडला. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल, असा त्यांचा आकडा आला. आजच्या २.५ ते ४ अंशांच्या अंदाजापेक्षा तो जास्त होता. शिवाय स्वीडनसारख्या थंड देशात हे बरेच होईल, असे त्यांना वाटत होते! म्हणजे हे शास्त्र कुठल्या पर्यावरणवादी संघटनेने परवा शोधलेले नाही.

इथपर्यंत सोपे होते. अवघड भाग आहे तो शास्त्रज्ञ स्वतः चुकतात त्याचा. अशी एक चूक हिमालयाबाबतच घडली, आणि भारतात शंकेखोरांना उत्तर देणाऱ्यांनी तिच्यापासून पळ काढू नये.

आयपीसीसी ही संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलविषयक समिती. तिचा चौथा अहवाल २००७ मध्ये आला आणि त्याच वर्षी अल गोर यांच्यासह तिला शांततेचे नोबेल मिळाले. अहवालाच्या दुसऱ्या भागात, आशियावरच्या प्रकरणात, एक विधान होते : हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याआधीही नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. भारतातल्या वृत्तपत्रांनी ते छापले. गंगा आटणार, उत्तर भारत तहानणार, असे मथळे झाले.

२००९ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त उपमहासंचालक व्ही. के. रैना यांचा एक निबंध पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला. जयराम रमेश तेव्हा मंत्री होते. हिमालयातल्या हिमनद्या असाधारण वेगाने मागे हटत आहेत, असे म्हणायला आधार नाही. त्याचा संबंध तापमानवाढीशी जोडणे घाईचे ठरेल, असे रैना यांचे म्हणणे. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी भडकले. त्यांनी या निबंधाची ‘जादूटोण्याचे विज्ञान’ अशा शब्दांत संभावना केली. कोपनहेगनची हवामान परिषद तोंडावर आली होती आणि भारत सरकार वाटाघाटींत पळवाट शोधते आहे, असे अनेकांना वाटले.

दोन महिन्यांतच, २० जानेवारी २०१० रोजी, आयपीसीसीला चूक मान्य करावी लागली. माग काढला तेव्हा कळले ते असे : १९९९ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकात जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले हिमनदीतज्ज्ञ सय्यद हसनैन यांच्याशी झालेल्या बोलण्यावर आधारित बातमी आली होती. तिच्यावरून तो मजकूर २००५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफच्या एका अहवालात उतरला आणि तिथून आयपीसीसीत. यातले काहीही तज्ज्ञांनी तपासलेल्या शोधपत्रिकेतले नव्हते. शिवाय त्याच परिच्छेदात बर्फाचे क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल असे जे आकडे होते, ते रशियन भूगोलतज्ज्ञ कोतल्याकोव्ह यांच्या १९९६ च्या लेखनातले. त्यात साल होते २३५०, आणि हिशेब फक्त हिमालयाचा नव्हता, ध्रुव वगळून सगळ्या जगातल्या बर्फाचा होता.

साधे त्रैराशिक कोणी मांडले असते तरी हे विधान अडले असते. मोठ्या हिमनदीची जाडी शेकडो मीटर असते आणि वर्षाला सरासरी अर्धा-एक मीटर बर्फ जाते, तर तीस वर्षांत ती संपेल कशी? शंका काहींनी आधीच व्यक्त केली होती. त्याच अहवालाच्या पहिल्या भागातले बर्फावरचे प्रकरण हिमनदीतज्ज्ञांनी लिहिले होते आणि त्यात असे काहीही नव्हते. दोन भागांचा ताळमेळ बसवलाच गेला नाही. पचौरी यांचा त्या दिवसांतला ताठा हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महागडे पाप होते. चुकीच्या आकड्याने झाले नसते तेवढे नुकसान त्या एका शेऱ्याने केले. शंका घेणारा अडाणी किंवा विकला गेलेला, असे गृहीत धरले गेले, आणि नेमका त्या मुद्द्यावर तो बरोबर निघाला.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि हा पुढचा भाग शंकेखोर सांगत नाहीत. आकडा चुकीचा आहे, हे रैना यांचे म्हणणे खरे ठरले. तापमानवाढीशी संबंध जोडता येत नाही, हे म्हणणे ठरले नाही. शीतयुद्धात अमेरिकेच्या ‘हेक्झॅगॉन’ या हेर उपग्रहांनी हिमालयाची छायाचित्रे टिपली होती. ती पुढे खुली झाली. जोशुआ मॉरर आणि सहकाऱ्यांनी त्यांतून १९७५ च्या सुमाराची बर्फाची उंची काढली, तिची अलीकडच्या उपग्रहांच्या मोजमापाशी तुलना केली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापला. हिमालयाच्या सुमारे दोन हजार किलोमीटरच्या पट्ट्यातल्या साडेसहाशे हिमनद्यांत २००० नंतर बर्फ घटण्याचा वेग आधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट झाला होता. पट्टा इतका लांब आणि घट इतकी एकसारखी की कारण तापमानाचेच निघते. काराकोरममधल्या काही हिमनद्या मात्र बराच काळ स्थिर राहिल्या. तेही शास्त्रज्ञांनीच छापले आहे, आणि त्याचे कारण ते अजून शोधत आहेत. (गोदावरी-कृष्णेला हिमनदीचे पाणी मिळत नाही, एवढे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे, आपली भीती वेगळी आहे.)

अशीच परीक्षा अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना तापमानाच्या नोंदींवर विश्वास नव्हता. तापमापके शहरांत आहेत, भोवती काँक्रीट वाढले, म्हणून आकडे फुगले असतील; शास्त्रज्ञांनी सोयीची केंद्रे निवडली असतील. हे प्रश्न मुंबई-पुण्यातलाही कोणी विचारील. म्युलर यांनी ‘बर्कले अर्थ’ नावाचा प्रकल्प उभारला. त्याला काही पैसा चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानाने दिला, म्हणजे तेलाच्या धंद्यातून गबर झालेल्या आणि हवामान धोरणांना विरोध करणाऱ्या गटाने. अँथनी वॉट्स या नामांकित विरोधकाने तर निकाल काहीही येवो, मान्य करीन, असे आधीच जाहीर केले. निकाल आला : जमिनीवरची तापमानवाढ खरी आहे आणि शहरीकरणाचा तिच्यातला वाटा नगण्य आहे. जुलै २०१२ मध्ये म्युलर यांनी आपले मत बदलल्याचे आणि वाढीचे कारण माणूस असल्याचे वृत्तपत्रात लिहून जाहीर केले. वॉट्स यांनी निकाल मान्य केला नाही. शंका आणि हट्ट यांतला फरक एवढा स्वच्छ क्वचितच दिसतो.

तिसरा प्रकार धंद्याचा. तो इथे थोडक्यात पुरे, कारण त्यावर जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. एक्सॉन या तेलकंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून केलेले तापमानवाढीचे अंदाज जेफ्री सुप्रान आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये तपासले. ते विद्यापीठांतल्या अंदाजांइतकेच अचूक निघाले. कंपनी मात्र बाहेर कित्येक वर्षे शास्त्र अनिश्चित असल्याचे सांगत राहिली. सिगारेट कंपन्यांनी कर्करोगाबाबत हीच युक्ती वापरली होती.

भारतात या आयात केलेल्या शंकेला एक देशी कपडा चढवला जातो : हे सगळे आपली प्रगती रोखण्यासाठी पाश्चात्त्यांनी रचलेले कुभांड आहे. यात अन्यायाची जाणीव खरी आहे. औद्योगिक क्रांतीपासून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, भारताचा तीन-चार टक्के. पण अन्याय सिद्ध करायला भौतिकशास्त्र नाकारावे लागत नाही. १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटमधून एक छोटी पुस्तिका काढली. वॉशिंग्टनच्या एका संस्थेने भारत-चीनला मोठे प्रदूषक ठरवले होते. या दोघांनी तिचेच आकडे घेऊन, समुद्र आणि जंगले शोषून घेतात तो वाटा माणशी समान धरून, सगळे गणित उलटे करून दाखवले. शास्त्र मान्य करून भांडल्यामुळेच ते भांडण पुढे आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत टिकले.

आणि आता ज्यांना शास्त्र मान्य आहे त्यांच्याकडे वळायला हवे, कारण शंका वाढवण्यात त्यांचाही हात कमी नाही. प्रत्येक पूर, प्रत्येक दरड, प्रत्येक अवकाळी ‘हवामान बदलामुळे’ झाली असे सांगण्याची सवय राजकारण्यांना लागली आहे, आणि पत्रकारांनाही. ती फार सोयीची आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला त्याच्या दशांशही नाही. निसर्गाचा तडाखा होताच, पण मिठी नदी बुजवली कोणी आणि तासाला २५ मिलिमीटर पाऊस झेलण्याच्या बेताने बांधलेली गटारे तशीच का राहिली, हे प्रश्न माधवराव चितळे समितीला विचारावेच लागले. २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणकरांनी वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून आंदोलन केले, ते त्यांना हवामान बदल मान्य नव्हता म्हणून नव्हे. ‘हवामान बदल’ हा शब्द जबाबदारी झटकण्यासाठी वापरला जातो, हे लोकांना दिसते. मग ते शब्दावरच अविश्वास दाखवतात.

शास्त्रज्ञ असे करत नाहीत, हे मात्र लोकांपर्यंत पोचत नाही. १ डिसेंबर २०१५ च्या चेन्नईच्या पुराने देश हादरला. पॅरिसची हवामान परिषद त्याच आठवड्यात सुरू होती. हवामान बदलाचे नाव घ्यायला याहून सोयीचा मुहूर्त नव्हता. डच हवामानशास्त्रज्ञ गीर्ट यान व्हॅन ओल्डेनबोर्ख, फ्रीडरिके ऑटो, आयआयटी दिल्लीचे कृष्णा अच्युतराव आणि इतरांनी त्या पावसाचा अभ्यास केला आणि निष्कर्ष छापला : या पावसात हवामान बदलाचा हात दिसत नाही. मे २०१६ मध्ये राजस्थानात फलोदीला ५१ अंश तापमान गेले, भारतातला विक्रम झाला. त्याही वेळी याच मंडळींपैकी काहींनी तपासून सांगितले की तिथल्या दिवसाच्या टोकाच्या तापमानात स्पष्ट वाढ सापडत नाही. धूलिकण आणि सिंचन ती झाकत असावेत. मग मार्च-एप्रिल २०२२ ची उष्णतेची लाट आली, गहू करपला, सरकारने मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबवली. या वेळी उत्तर ‘हो’ आले : माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे अशी लाट येण्याची शक्यता सुमारे ३० पट वाढली. जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरडी कोसळल्या तेव्हा हिशेब निघाला तो असा, की हवामान बदलामुळे तो पाऊस साधारण १० टक्क्यांनी जास्त पडला. दहा टक्के. शंभर नाही, शून्यही नाही. उरलेल्याचे उत्तर डोंगरउतारांवर काय बांधले आणि काय तोडले यात शोधावे लागते.

शंकेखोराला पटवायचे असेल तर ही यादी त्याच्यापुढे ठेवावी. जे शास्त्र कधीच ‘नाही’ म्हणत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा तरी कशाला? हे म्हणते, सोयीच्या वेळीही म्हणते. २०३५ चा प्रमाद ज्यांनी उघड केला तेही हिमनद्यांचेच अभ्यासक होते. जुने अंदाज खरे ठरले का, हेही तपासले गेले आहे : १९७० ते २००७ या काळात छापलेल्या, हवामानाच्या प्रारूपांच्या (मॉडेलांच्या) १७ अंदाजांची झीक हाउसफादर आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष तापमानाशी तुलना केली. दहा जुळले, उत्सर्जनाचे प्रत्यक्ष आकडे घातल्यावर चौदा. तीन मग चुकलेच. हे तीनही सांगावेत.

मराठी शेतकऱ्याशी बोलताना हीच शिस्त पाळली तर काय सांगता येईल? एकूण मान्सून कमी झाला, असे त्याला सरसकट सांगू नये. आयआयटीएमने तयार केलेल्या आणि पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात १९५१ ते २०१५ दरम्यान नैर्ऋत्य मान्सूनच्या पावसात सुमारे सहा टक्क्यांची घट दिसते, पण ती मुख्यतः गंगेच्या खोऱ्यात आणि पश्चिम घाटात, आणि तिच्यात हवेतल्या धुराचा वाटा मोठा असल्याची शक्यता आहे. खात्रीने सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की मध्य भारतात मध्यम पावसाचे दिवस घटले, अतिवृष्टीचे वाढले. रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या २०१७ च्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे निघाले आणि बाष्प बरेचसे तापलेल्या अरबी समुद्रातून येते असे दिसले. एका अंशाने तापलेली हवा साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. ‘पाऊस तेवढाच, पण चार दिवसांत पडून जातो’ असे मराठवाड्यातला शेतकरी स्वतःच म्हणतो. त्याच्या तोंडचे वाक्य आणि पुण्याचा आकडा शेजारी ठेवला की हुज्जत घालायला फारसे उरत नाही. मग तो पुढचे विचारतो. तळे किती खोल घ्यायचे, विमा कोणत्या निकषावर मिळणार, सोयाबीन कधी पेरायचे. त्या प्रश्नांना उत्तर देण्याची जबाबदारी कृषी विभागाची आहे, आणि शंकेखोरपणाच्या नावाने खडे फोडून ती टळत नाही.

शंका घ्यायचीच असेल तर चांगल्या शंकेला जागा उरलेली आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारत सरासरी ०.७ अंशाने तापला, जगाच्या सरासरीपेक्षा कमी. त्याचे मोठे कारण आपलाच धूर आणि धूळ असावे, असे मानले जाते. ते ऊन अडवतात. सिंचनाचाही हात आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ पासून सुरू आहे आणि तो यशस्वी व्हावा असेच सगळ्यांना वाटते, कारण त्या हवेने माणसे मरतात. पण हवा स्वच्छ झाल्यावर झाकलेली उष्णता किती वेगाने बाहेर येईल आणि मान्सूनच्या वाऱ्यांचे काय होईल, यावर प्रारूपांची उत्तरे आज जुळत नाहीत. विदर्भातल्या मे महिन्यासाठी हा प्रश्न २१०० पर्यंत थांबणार नाही. तो विचारणाऱ्याला कोणी शंकेखोर म्हणून हिणवू नये. आयआयटीएममध्ये आणि बाहेर तो प्रश्न घेऊनच बरेच लोक सध्या कामाला बसलेले आहेत.